विश्लेषण : सॉफ्टवेअर बदलेल, पण जुने दस्तऐवज वाचतील का?

विंडोज १० या संगणक प्रणालीला मिळणारी मोफत सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचे पाठबळही त्याच दिवशी संपले. वसई रोड स्थानक आणि वसई गाव यांच्या मधल्या पापडीसारख्या ठिकाणी या तारखेचा अर्थ वेगळा आहे. येथील झेरॉक्स-डीटीपीची दुकाने, लग्नपत्रिकांचे छापखाने, छोट्या पतपेढ्या, गृहनिर्माण संस्थांची कार्यालये आणि हिशेबनीस यांचा वीस-पंचवीस वर्षांचा कागद संगणकात साठला आहे. नवा संगणक घेता येईल. पण त्यावर २००३ सालची फाइल उघडेल का, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. ही भीती योग्य आहे. त्या भीतीपोटी काहीच न बदलण्याचा उपाय मात्र चुकीचा आहे.

जुने सॉफ्टवेअर सुटत का नाही?

आळस किंवा कंजूषपणा हे त्याचे अर्धेच उत्तर. छोट्या कार्यालयात सॉफ्टवेअर एकटे नसते. त्याच्यासोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतो, संगणकाच्या मागे खोचलेले डोंगल असते, कोणा जाणकाराने कधी काळी बसवून दिलेले एक्सेलचे सूत्र असते आणि सगळ्याची सवय झालेला एक कर्मचारी असतो. यातले एक हलले की बाकीचे डळमळते.

विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे अनेकांना सॉफ्टवेअरसोबत यंत्रही बदलावे लागते. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे. डॉसच्या काळात फॉक्सप्रोवर लिहून घेतलेले पतपेढीचे किंवा दुकानाचे १६ बिटचे प्रोग्रॅम तिच्यावर थेट चालत नाहीत.

न बदलल्यास बिघडते काय?

दुरुस्ती बंद झालेली प्रणाली दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, म्हणूनच ती फसवी आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांच्या फाइल कुलूपबंद केल्या. त्याने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

महिन्याभराने दुसरा धडा मिळाला. जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम कोलमडले. हा हल्ला पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. न बदलणे धोक्याचे आणि आंधळेपणाने बदलणेही धोक्याचे, असे हे दोन धडे एकत्र वाचायला हवेत. दोन्ही प्रसंगांत फाइलींची वेगळी, जोडणी तोडून ठेवलेली प्रत ज्यांच्याकडे होती, त्यांचे नुकसान भरून येण्यासारखे होते.

मराठी फाइलींचे दुखणे वेगळे का?

इंग्रजी मजकूर असलेली वर्डची जुनी फाइल आजच्या वर्डमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये बहुधा उघडते. ओळी थोड्या सरकतात, तक्ता पुढच्या पानावर जातो. अक्षरे मात्र वाचता येतात. मराठीचे तसे नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. फाइलीत साठलेले असतात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे सांकेतिक क्रमांक. मराठी दिसते ते केवळ फॉन्टमुळे. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पूर्ण करारनाम्याची जागा निरर्थक चिन्हे घेतात. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्याने एकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नाही.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. परंतु जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये जाणे म्हणजे नुसता फॉन्ट बदलणे नव्हे. मजकुराचे रूपांतर करावे लागते, आणि चुका तेथेच शिरतात. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराची जागाही बदलते. ‘शेतकऱ्यांच्या’, ‘दऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ अनेकदा मोडतो. त्याहून गंभीर म्हणजे मराठी मजकुरात मधेच आलेले इंग्रजी अक्षर रूपांतर करणारा प्रोग्रॅम मराठी समजून बदलून टाकू शकतो. पॅन क्रमांक, सदनिकेचा क्रमांक, बँकेचा आयएफएससी कोड असा बिघडला तर ती शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

पीडीएफ काढून ठेवली की सुटलो, हाही गैरसमज आहे. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण तिच्यात नाव शोधले तर सापडत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला तर पुन्हा चिन्हेच येतात. पुरावा म्हणून ती उपयोगी आहे, पुढच्या कामासाठी नाही.

छापखान्यांची अडचण आणखी एक पायरी पुढची. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, ती २००१ सालची. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फाइली उघडत. त्यानंतरच्या उघडत नाहीत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, मंडळांचे अहवाल, जुन्या पत्रिकांचे नमुने अशा फाइलींमध्ये असतील, तर ते काढून घेण्याचा मार्ग दरवर्षी अरुंद होत जाणार.

आकड्यांचे काय?

हिशेबाच्या फाइलींत बिघाड दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक. एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात. नव्या ‘एक्सएलएसएक्स’मध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने करोना चाचण्यांची माहिती जुन्या प्रकारात घेतल्यामुळे सुमारे १६ हजार बाधितांच्या नोंदी अहवालातून गळाल्या. काही दिवस ते कोणाच्या लक्षातही आले नाही. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हे घडते, तर सभासदांच्या ठेवींची यादी एका फाइलीत ठेवणाऱ्या संस्थेने बेफिकीर राहू नये.

हिशेबाच्या प्रोग्रॅमबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या आवृत्तीत एकदा बदललेला डेटा जुन्या आवृत्तीत सहसा परत उघडत नाही. हा एकेरी रस्ता आहे. त्यावर पाऊल टाकण्याआधी मूळ डेटाची हात न लावलेली प्रत बाजूला हवीच.

कायदा काय सांगतो?

वस्तू व सेवा कराच्या नोंदी संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे. ती सोय जुन्या आवृत्तीत नसेल तर ‘आमचे बरे चालले आहे’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. थोडक्यात, कायद्याला नवे सॉफ्टवेअरही हवे आहे आणि जुना कागदही.

मग सुरक्षित क्रम कोणता?

पहिले काम यादीचे. कोणत्या प्रकारच्या फाइली आहेत, कोणत्या प्रोग्रॅमने आणि कोणत्या फॉन्टमध्ये केल्या आहेत, हे एका वहीत लिहावे. फॉन्टच्या फाइली, मूळ सीडी, परवान्याचे क्रमांक आणि डोंगल एकत्र ठेवावे. फॉन्ट हरवला तर मराठी फाइल हरवल्यात जमा.

दुसरे काम प्रतींचे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक इमारतीबाहेर, हा जुना नियम आजही चोख आहे. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले आणि वीज खंडित झाली, हे आठवणाऱ्यांना तळमजल्यावरच्या कपाटातली एकुलती एक हार्ड डिस्क ही प्रत नव्हे, हे सांगावे लागू नये. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही फक्त समजूत असते.

तिसरे काम चाचणीचे. दहा फाइली निवडाव्यात : सर्वांत जुनी, सर्वांत मोठी, मराठी-इंग्रजी मिश्र, तक्त्यांची, सूत्रांची, शिक्क्याची. त्या नव्या संगणकावर उघडून जुन्या छापील कागदाशी ताडून पाहाव्यात. हिशेबात शिल्लक रकमा दोन्हीकडे सारख्या आल्या पाहिजेत. बदललेली फाइल नेहमी वेगळ्या नावाने जतन करावी. मूळ फाइलीवर लिहू नये. रूपांतरित मराठी मजकूर माणसाने वाचायचाच, आणि क्रमांक दोनदा. सभासदांच्या याद्या किंवा करार कोणत्याही अनोळखी मोफत संकेतस्थळावर रूपांतरासाठी चढवू नयेत. एका अडचणीतून सुटताना दुसरी विकत घेण्याचाच तो प्रकार आहे.

चौथे, महिना-दोन महिने जुने आणि नवे सोबत चालवावे. मार्चअखेर, विवरणपत्राची २० तारीख किंवा ऐन लग्नसराई ही बदलाची वेळ नव्हे. त्यानंतरही जुना संगणक भंगारात घालू नये. त्याची इंटरनेटची जोडणी काढून केवळ जुन्या फाइली पाहण्यासाठी तो ठेवावा. फॉक्सप्रोच्या ‘डीबीएफ’ फाइलींतील नोंदी लिब्रेऑफिसमध्ये बहुधा वाचता येतात. त्या तोवर बाहेर काढून घ्याव्यात.

जुन्या सगळ्याच फाइली बदलायची गरज नाही. जे पुन्हा वापरायचे ते युनिकोडमध्ये आणावे. जे केवळ पुरावा म्हणून हवे त्याची फॉन्टसह पक्की पीडीएफ-ए प्रत काढून मूळ फाइलीशेजारी ठेवावी. एवढी विभागणी केली तरी काम निम्म्यावर येते.

जबाबदारी कोणाची?

पापडीला सहकाराची परंपरा जुनी आहे. येथे मुख्यालय असलेली बॅसीन कॅथलिक सहकारी बँक १९१८ सालची. मोठ्या बँकांकडे तंत्रज्ञांचे विभाग असतात आणि डोक्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम. छोट्या पतपेढीकडे आणि गृहनिर्माण संस्थेकडे यातले काहीच नसते. तिथला निर्णय बहुतेक वेळा संगणक दुरुस्त करायला येणारा तरुण घेतो. तो संगणक ‘फॉरमॅट’ करतो, नवी प्रणाली टाकतो आणि जातो. फॉन्ट गेल्याचे पुढच्या लेखापरीक्षणाच्या वेळी कळते.

हे बदलायला हवे. सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकामाचा आणि पंपाच्या दुरुस्तीचा खर्च मांडला जातो. तसाच दस्तऐवज स्थलांतराचा खर्च स्वतंत्र मांडला जावा. तंत्रज्ञाशी होणाऱ्या व्यवहारात ‘जुन्या दहा फाइली उघडून दाखवल्यावरच उरलेले पैसे’ अशी अट लेखी असावी. दुकानदार आणि संस्था एकत्र आल्या तर एकाच जाणकाराकडून अनेकांचे काम कमी खर्चात होऊ शकते. जिथे सहकार रुजला तिथे हे अशक्य नाही.

ज्यांना लगेच बदल परवडत नाही, त्यांच्यासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा सेवा पैसे भरून मिळते. व्यवसायांसाठी तिची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे आणि दर वर्षागणिक दुप्पट होतो. ती सवलत म्हणजे फाइलींची यादी आणि प्रती तयार करायला मिळालेला वेळ आहे. तो वेळ नुसता घालवला, तर तीन वर्षांनी हेच कार्यालय याच प्रश्नापाशी उभे असेल. फरक इतकाच की तोवर जुन्या फाइली उघडू शकणारे संगणक आणि ते जाणणारी माणसे दोन्ही कमी झालेली असतील.