नायट्रोजनवाले हिरेही वाढवा

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारात मी लॅबग्रोन माल तपासतो. सीव्हीडीचा, म्हणजे वायूतून वाढवलेला, हिरा मशीनमध्ये ठेवून त्यावर तीव्र अतिनील प्रकाश सोडला, की पडद्यावर बऱ्याचदा नारिंगी-लाल चमक उमटते आणि माल खाणीतला नसल्याचा संशय पक्का होतो. कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि त्याला लागूनच एक रिकामी जागा, या जोडीची ती चमक. आमच्याकडे नायट्रोजन म्हणजे पिवळट-तपकिरी झाक, भाव घसरलाच.

भौतिकशास्त्रवाल्यांना मात्र नेमकी ही जोडीच हवी असते. हिरव्या लेसरखाली ती लाल उजळते, २.८७ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हने मंदावते. जवळ चुंबकीय क्षेत्र आलं, की ही वारंवारता मिलिटेस्लामागे २८ मेगाहर्ट्झपर्यंत सरकते. हे सगळं साध्या खोलीच्या तापमानाला. क्वांटम संगणकाच्या फोटोतलं ते अतिथंड करणारं सोनेरी झुंबर इथे लागत नाही.

या जोडीचा एक उपयोग पाहा. यिट्रियम आयर्न गार्नेट हा चुंबकीय पदार्थ वीजरोधक आहे. तरी त्यातून स्पिनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकत्वाची, लहर जाते, भातशेतीवरून वाऱ्याची लाट जावी तशी. रोपं आपापल्या जागीच. वीजप्रवाह नसल्याने त्याची उष्णताही नाही, म्हणून चिप बनवणाऱ्यांचा यावर डोळा आहे. तारा जोडून मोजलं तर टोकांपाशी काय पोचलं ते कळतं, वाटेत काय झालं ते नाही. हिऱ्यातली जोडी गार्नेटच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेली, की मधली गडबडही वाचता येते. हार्वर्डच्या गटाने २०१७ मध्ये अवघ्या २० नॅनोमीटर जाडीच्या गार्नेटवर असं मोजमाप करून दाखवलं.

आपल्याकडे २०२३ मध्ये सहा हजार कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र पवईला, आयआयटी मुंबईत आहे. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात लॅबग्रोन हिऱ्यांच्या संशोधनासाठी एका आयआयटीला पाच वर्षांचं अनुदान जाहीर झालं. उद्देश काय, तर बियाणं, म्हणजे ज्यावर हिरा वाढतो ते तुकडे, आणि यंत्रं देशातच बनावीत. दागिन्यांच्या लॅबग्रोनचे भाव कोसळत असताना सगळा जोर पांढऱ्याशुभ्र खड्यांवरच कशाला? सेन्सरसाठी लागणाऱ्या नायट्रोजनवाल्या हिऱ्याच्या प्लेटांनाही त्यात वाटा हवा.

काम सोपं नाही, हेही सांगतो. आमचे कारखानदार वजन आणि रंग पाहतात. सेन्सरला नायट्रोजन मोजून-मापून घालावा लागतो, आणि तोही बहुतेकदा पृष्ठभागाखाली दहा-वीस नॅनोमीटरवर. शिवाय नैसर्गिक कार्बनमधला १.१ टक्के कार्बन-१३ स्वतःच चुंबकीय, म्हणजे वाचनात खरखर. तो काढलेला वायू महाग पडतो. सुरतचा कारखानदार पहिल्यांदा विचारेल, ‘प्लेटा घेणार किती?’ प्रश्न रास्त आहे. एवढ्या थोड्या मागणीसाठी कुणी हिरे वाढवण्याचा रिअॅक्टर अडकवून ठेवणार नाही. तेव्हा पहिली ऑर्डर मिशननेच द्यावी, तीही दोन-तीन वर्षांची, आणि चाचणीत नापास होणाऱ्या प्लेटांचा खर्च धरून.