एकाच खांद्यावरची चढाई

कबड्डीतील ‘तिसरी चढाई’ हा शब्द आता गावोगावच्या प्रेक्षकांच्या तोंडी रुळला आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे. न आणल्यास चढाईपटू बाद आणि प्रतिपक्षाला एक गुण. 2014 च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीच्या द्वारे हा नियम घराघरांत पोहोचला. त्यामागील हेतू सरळ होता. पूर्वी आघाडीवर असलेल्या संघाचा गडी निदान रेषा ओलांडून यायचा, दम मोडू न देता वेळ काढायचा आणि प्रेक्षक जांभया द्यायचे. या आळसावर नियमकर्त्यांनी एक प्रकारचा करच बसवला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढे काय झाले याचे विशेष नवल वाटणार नाही. कर बसला की माणसे आपले वर्तन बदलतात. पण ते करआकारणी करणाऱ्याला अपेक्षित असते त्याच दिशेने बदलते असे नाही. अनेक सामन्यांत आज दोन्ही संघ पहिल्या दोन चढाया जाणूनबुजून रिकाम्या घालवतात आणि सारा जुगार तिसरीवर लावतात. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तीस-तीस सेकंदांच्या सुमारे ऐंशी चढाया, म्हणजे एका संघाच्या वाट्याला चाळीसएक. जो धोका या चाळीस चढायांत थोडा थोडा विभागला जात असे, तो आता दर तिसऱ्या चढाईत साचू लागला आहे. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना 28-28 अशा बरोबरीत असताना पवन सेहरावतच्या अशाच एका चढाईवरून वाद पेटला आणि सुवर्णपदकाचा निकाल लागण्यापूर्वी खेळ बराच वेळ थांबून राहिला. एकेका चढाईचे वजन किती वाढले आहे, हे त्या दिवशी साऱ्या आशियाने पाहिले.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, ही तिसरी चढाई करायची कोणी?

आपल्याकडे त्याचे उत्तर ठरलेले आहे. प्रत्येक संघात एक ‘हुकमी’ गडी असतो आणि अवघड वेळी तोच पाठवायचा असतो. कोल्हापूरकरांना हे विशेष मानवते, कारण आपली नजर खासबागेच्या मातीत तयार झालेली आहे. आखाड्यात मल्ल एकटाच उतरतो. त्याची जीत ती त्याच्या तालमीची जीत. हीच दृष्टी आपण सात गड्यांच्या खेळावरही लादली. चढाईला निघालेला गडी आपल्याला मल्लासारखा दिसतो आणि उरलेले सहा जण जणू त्याचे पाठीराखे.

या पद्धतीतील उणीव खेळाच्या रचनेतच दडलेली आहे. आजची कबड्डी मुळात संजीवनी प्रकाराची आहे. बाद झालेला गडी, आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी टिपला तरच पुन्हा मैदानात येतो. हुकमी गडी एकदा बाहेर बसला की त्याला जिवंत करण्यासाठी गुण हवा आणि गुण आणायची सवय तर त्याच्याशिवाय कोणालाच नाही. प्रतिपक्षाला हे पक्के ठाऊक असते. तो घाई करीत नाही. तो दोन रिकाम्या चढाया करू देतो, तिसरीला निघालेल्या नवख्या पोराची कोपऱ्यात पकड करतो आणि पाहता पाहता लोण चढतो. सर्व भांडवल एकाच धंद्यात घालणाऱ्या दुकानदाराची जी गत होते, तीच या संघाची होते. फरक इतकाच की, येथे भांडवल म्हणजे एका तरुणाचे शरीर असते.

या जिल्ह्याचाच दाखला घेऊ. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2018 च्या सहाव्या हंगामात यू मुंबाकडून प्रथमच उतरला आणि त्याने चढाईचे 218 गुण मिळवले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख रुपये मोजले. चंदगडसारख्या आडबाजूच्या तालुक्याला याचा अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. सिद्धार्थने सातव्या हंगामातही दोनशेहून अधिक गुण आणले. म्हणजे आपल्या बाजूने त्याने काही कमी केले नाही. तरीही त्याचा संघ बारा संघांत अकरावा राहिला. त्यानंतरच्या हंगामात, 2021 च्या अखेरीस, खांद्याच्या दुखापतीने त्याला लवकरच बाहेर बसावे लागले. ही दुखापत अतिभारामुळेच झाली असे म्हणण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. तथापि साऱ्या संघाचा भार एका खांद्यावर असेल, तर तो खांदा दुखावताच संघही खाली बसतो, एवढे म्हणायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

याउलट पुणेरी पलटणचा प्रवास पाहण्यासारखा आहे. 2021 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आठव्या हंगामात या संघाची भिस्त राहुल चौधरी आणि नितीन तोमर या नामवंत चढाईपटूंवर होती. ती नावे त्या हंगामात चालली नाहीत, आणि चढाईचा भार अस्लम इनामदार व मोहित गोयत या तरुणांकडे आला. येथवर काही विशेष घडले असे म्हणता येणार नाही. एक जोडी गेली, दुसरी आली. खरा बदल पुढच्या हंगामात दिसला. बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली पलटणने चढाई तीन-चार गड्यांत वाटून टाकली आणि त्यांतील बहुतेकांना बचावातही उभे केले. प्रतिपक्षाने कोणाचा अभ्यास करावा, कोणाला बाहेर बसवून ठेवावे, हेच त्याला कळेनासे झाले.

या व्यवस्थेची कसोटी 2022 च्या डिसेंबरात लागली. ऐन बाद फेरीत इनामदार आणि गोयत हे दोघेही दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. जुन्या पद्धतीचा संघ असता तर तेथेच गाशा गुंडाळला असता. पण पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांना अवघड चढायांची सवय आधीच लागलेली होती. संघ उपान्त्य सामना जिंकून अंतिम फेरीत गेला आणि जयपूरकडून 29-33 असा अवघ्या चार गुणांनी हरला. विमा म्हणतात तो हाच. हप्ते आधी भरलेले असावे लागतात. संकट दारात आल्यावर पॉलिसी मिळत नाही. मार्च 2024 मध्ये हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळवले. त्या सामन्यात एकाच चढाईत चार गुण आणणारा गडी कर्णधार इनामदार नव्हता, पंकज मोहिते होता. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या पहिल्या पाच जणांत पलटणचा एकही खेळाडू नव्हता, ही गोष्ट मला विजयचषकाइतकीच बोलकी वाटते.

आक्षेप घेणारे प्रदीप नरवालचे नाव घेतील, आणि त्यांनी ते घ्यावे. 2017 च्या हंगामात एकट्या प्रदीपने चढाईचे 369 गुण आणले आणि पाटणा संघाने लागोपाठ तिसऱ्यांदा विजेतेपद पटकावले. असामान्य माणूस हाती असेल तर त्याला राबवणे व्यवहाराचे ठरते, हे मान्यच केले पाहिजे. पण पुढच्याच हंगामात हाच प्रदीप दोनशेहून अधिक गुण मिळवूनही पाटणा बाद फेरीत पोहोचला नाही. शिवाय असामान्यांच्या भरवशावर जिल्ह्याच्या किंवा महाविद्यालयाच्या संघाची घडी बसवता येत नाही. तेथे सामान्य बरे खेळणारी सात-आठ मुले असतात आणि त्यांच्यातूनच संघ उभा करायचा असतो.

असामान्य माणूस हाती असतानाही भार वाटता येतो, याचे उदाहरण दूरच्या बास्केटबॉलमध्ये सापडते. शिकागोच्या संघात मायकेल जॉर्डन होता. 1989 मध्ये फिल जॅक्सन प्रशिक्षक झाले आणि त्यांनी सहकारी टेक्स विंटर यांची त्रिकोणी आक्रमणाची पद्धत संघात आणली. चेंडू एकाच हाती न राहता सर्वांमध्ये फिरावा, असे तिचे सूत्र होते. पहिल्या वर्षी विजेतेपद आले नाही. दुसऱ्या वर्षी जॉर्डनची प्रतिसामना सरासरी 33.6 वरून 31.5 गुणांवर उतरली, आणि 1991 मध्ये संघ प्रथमच विजेता झाला. ही दोन गुणांची घट जॉर्डनसारख्या खेळाडूने पत्करली. आपल्याकडील किती हुकमी गडी ती पत्करतील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती प्रेक्षक त्यांना ती पत्करू देतील?

हा प्रश्न केवळ खेळातील डावपेचांचा नाही. राधानगरी, भुदरगड, चंदगड या भागांतून येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने कबड्डी ही नोकरीची वाट आहे. शासकीय सेवेत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका येथेही खेळावर पोरे लागली आहेत. कबड्डीसारख्या खेळात हे लाभ बव्हंशी संघाच्या यशावर अवलंबून असतात. एका गड्याचा गुडघा गेला की सहा जणांची आशा मावळते. आणि त्या एकाचे तर सारेच जाते, कारण गावच्या स्पर्धेत खेळणाऱ्याला ना संघमालक असतो, ना शस्त्रक्रियेचा खर्च देणारा कोणी.

अशा वेळी आपली बक्षिसे काय सांगतात? कोणत्याही गावची स्पर्धा घ्या. ‘उत्कृष्ट चढाईपटू’ म्हणून एकाला फिरती ढाल किंवा सायकल, कधी त्याहूनही भारी वस्तू, आणि फलकावर त्याचे छायाचित्र. ज्याने हात धरून साखळी पक्की ठेवली, किंवा तिसऱ्या चढाईला स्वतःहून पुढे होऊन हुकमी गड्याला श्वास घेऊ दिला, त्याची नोंद कोठेच नाही. ज्या गोष्टीला मोल मिळते तिचाच पुरवठा वाढतो, हे आम्ही वर्गात शिकवतो. मैदानावर तो नियम स्थगित होत नाही.

संयोजकांनी मनात आणले तर एक गोष्ट याच हंगामात करता येईल आणि तिला पैसाही लागणार नाही. गुणलेखकाच्या शेजारी एखाद्या विद्यार्थ्याला वही देऊन बसवावे आणि प्रत्येक तिसरी चढाई कोणी केली, एवढेच लिहून घेण्यास सांगावे. स्पर्धा संपल्यावर ही यादी सर्व संघांच्या प्रशिक्षकांना द्यावी आणि तिसऱ्या चढाईत अधिकाधिक गड्यांनी गुण आणलेल्या संघासाठी एक बक्षीस ठेवावे. ते ‘उत्कृष्ट चढाईपटू’च्या बक्षिसाइतकेच भारी असावे, त्याहून हलके ठेवले तर पोरे ते लगेच ओळखतील.