पंचनामा पिकाचा कीं कागदाचा ?

कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडीकडील कुणबी, आगरी, ठाकूर बांधवांस 2019 चें साल विसरतां येणार नाहीं. 27 जुलैस उल्हास नदी अशी फुगली कीं महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यांत अडकली. उतारूंस होड्यांनीं काढलें, हें उत्तमच झालें. पुढें दिवाळीच्या सुमारास कापून पसरलेल्या भातावर अवकाळी पाऊस कोसळला व दाण्यांस मोड आले. त्यास मात्र होडी नव्हती.

राज्यपालांनीं नोव्हेंबरांत हेक्टरीं 8,000 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंतच, जाहीर केले. पांढरपेशा वाचक आंकडा पाहून म्हणाला, वा ! सरकार उदार आहे. अरे बाबा, हेक्टर म्हणजे सुमारें शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्यास 80 रुपये ! वीस गुंठ्यांच्या धन्यास 1,600. त्यांत लावणीची मजुरी तरी निघते काय ? पुढें 2022 मध्यें राज्यानें कोरडवाहूचा दर 13,600 केला, मे 2025 मध्यें तो 8,500 वर आणला, आणि त्याच वर्षीं मराठवाडा बुडाल्यावर रब्बीसाठीं 10,000 ची भर घातली. पाऊस तरी याहून नेमस्त !

पण खरें दुखणें निराळेंच आहे. मदत मिळते ती सातबाऱ्यावर नांव असणारास. शेत कसतो कोण, हें कोणी विचारीत नाहीं. कल्याण-डोंबिवलीच्या आसपास गांवोगांव जमिनी बिल्डरांच्या नांवें गेल्या. इमारत उठेपर्यंत तेंच शेत जुना कुळंबी मक्त्यानें कसतो. बियाणें त्याचें, घाम त्याचा, बुडालें तेंही त्याचें. कागद तेवढा शेटजीचा. सातबारा सामाईक असेल तर हिस्सेदारांचीं संमतिपत्रें आणा. एक भाऊ सुरतेस, बहीण सासरीं. जोतीरावांनीं असूड उगारला तो याच दप्तरावर.

मालक मक्ता लिहून कां देत नाहीं ? कुळ लागेल म्हणून. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनानें आमच्या आजोबांस जमीन दिली. त्याच कायद्याच्या धाकानें आज नातवास साधी चिठी मिळत नाहीं. म्हणून आमचें मागणें असें : पंचनाम्यांत ‘या हंगामांत कसणारा’ असा एक रकाना काढा, नांवें ग्रामसभेंत वाचा, यादी चावडीवर लावा. आणि शासननिर्णयांतच लिहा कीं ही नोंद मदतीपुरती, हिनें कुळहक्क लागत नाहीं. हें शेवटचें लिहितांना आम्हांस सुख वाटत नाहीं. पण बुडालेल्यास आधीं पोटाला हवें.

कोणी म्हणेल, खोटीं नांवें घुसतील. घुसेल एखादें ! पण कोणाच्या शेतांत कोणाचा नांगर चालतो हें जेथें शेंबड्या पोरासही ठाऊक, तेथें गांवाच्या तोंडावर लबाडी पचविणें सोपें नाहीं. आणि नांगरास हात न लावणाराच्या खात्यांत पैसे जातात, ती खोटी नोंद नव्हे काय ?

सुतार, कुंभार, बुरूड बांधवांनो, 2022 ते 2026 साठीं केंद्रानें ठरविलेल्या नियमांत तुमचेंही कलम होतें : हस्तकारागिराचीं हत्यारें गेलीं तर 5,000 रुपये, कच्चा वा तयार माल गेला तर आणखी 5,000. हें तुम्हांस कोणी सांगितलें काय ? पुढच्या पुरांत तलाठी आला (आतां त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नांव बदललें, दप्तर तेंच) कीं त्यास भट्टी दाखवा, विरघळलेले कच्चे माठ दाखवा आणि पंचनाम्याची नक्कल हातीं पडल्यावांचून चहा पाजूं नका.