चाचणीच्या रुग्णाकडून पैसे घेत नसतात

जानेवारी २०२६च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने एक वाद कायमचा मिटायला हवा होता. मुंबईच्या यश चॅरिटेबल ट्रस्टच्या याचिकेवर न्यायालयाने स्पष्ट केले, की स्वमग्न मुलांना मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलबाहेर स्टेम सेल उपचार 'सेवा' म्हणून देता येणार नाहीत. खरे तर यात नवे फारसे काही नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२मध्ये ऑटिझमसाठी असा उपचार सुचवणे आणि त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले होते. तरीही जऊळका, मालेगाव, रिसोड पट्ट्यातल्या डॉक्टर वाचकांची पत्रे येतच आहेत. मोठ्या शहरांतल्या केंद्रांची माणसे अजून ओपीडीत येऊन बसतात, गुळगुळीत कागदाची पत्रके ठेवून जातात आणि 'पेशंट पाठवा, तुमचं बघून घेऊ' असे सांगतात. तक्रार करायची तर कुणाकडे, असा बहुतेक पत्रांचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे, कारण उत्तर कुणाकडेच नाही. गरोदर बाईची सोनोग्राफी करताना फॉर्म एफमधला एखादा रकाना कोरा राहिला, तर यंत्राला सील लागते. ती निव्वळ कारकुनी चूक म्हणून सोडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१९मध्ये बजावले आहे. त्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याला आमचा विरोध नाही. तो का करावा लागला हे आपल्या धंद्याला पुरते ठाऊक आहे. पण चार वर्षांच्या पोराला भूल द्यायची, कमरेच्या हाडातून मगज ओढायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि त्याच दिवशी लंबर पंक्चर करून मणक्यात सोडायचा, यासाठी जिल्ह्यातला कुठलाही अधिकारी साधा फॉर्म मागत नाही! २०१९च्या औषध व चाचणी नियमांनी स्टेम सेलपासून बनवलेल्या उत्पादनाला 'नवीन औषध' ठरवले खरे, पण पेशींवर किरकोळच प्रक्रिया केली असेल तर ते त्या व्याख्येतून निसटते. याच फटीत दुकाने उभी राहिली. एका खात्याच्या लेखी ते औषध नाही, प्रक्रिया आहे. दुसऱ्याच्या लेखी रुग्णाची लेखी तक्रार नाही तोवर प्रकरणच नाही. आणि तक्रार येणार कुठून? ज्या बापाने वावर गहाण टाकून पैसे भरले, तो आपण फसलो हे स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. पोरगं आता नजरेला नजर देतं, असेच तो सांगतो, आणि ते त्याला खरेच वाटत असते.

हाच मुद्दा केंद्रांचे समर्थक पुढे करतात: पालकांना फरक दिसतो, मग आडवे येणारे तुम्ही कोण? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने हे तपासून पाहिले. २५ मुलांच्या पहिल्या खुल्या अभ्यासात नाळेतल्या रक्ताने सुधारणा झाल्यासारखे दिसले. मग १८० मुलांवर प्लासिबोसह रीतसर चाचणी झाली आणि २०२०मध्ये निष्कर्ष आले. ज्या सामाजिक वर्तनाच्या निकषासाठी चाचणी आखली होती, त्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. वाढत्या वयाची मुले दर सहा महिन्यांनी थोडीफार बदलतातच, आणि पैसे मोजलेला डोळा तो बदल लवकर टिपतो. 'स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय काय होणार' हा दुसरा युक्तिवाद. फ्लोरिडात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि तिघींची दृष्टी गेली. ते प्रकरण २०१७मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. उरला संमतीचा मुद्दा. पुरेशी माहिती न देता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे, हे शिकायला आपल्याला न्यायालयापर्यंत जावे लागू नये.

या बंदीने संशोधन मरेल, ही ओरड मात्र उलटी आहे. शेजारच्या इमारतीत तीच सुई पैसे मोजून हमखास मिळत असेल, तर आपल्या वाट्याला कदाचित सलाईनचे पाणी येईल अशा चाचणीत कुठला पालक मूल घालील? संशोधन आणि दुकान वेगळे ओळखायला रसीद पुरते. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात, हे मार्गदर्शक तत्त्वांत आहे. क्योटोत शास्त्रज्ञ यामानाका यांच्या, प्रौढ पेशीला पुन्हा स्टेम सेल बनवण्याच्या तंत्राने तयार केलेल्या पेशी पार्किन्सनच्या ७ रुग्णांच्या मेंदूत सोडून दोन वर्षे निरखल्या आणि २०२५मध्ये निष्कर्ष मांडले. मोठे काम या गतीनेच होते. स्टेम सेल भ्रूणातून घेण्याचा नैतिक प्रश्न आपल्याकडे भ्रूण १४ दिवसांपलीकडे न वाढवण्याच्या मर्यादेने आणि आयव्हीएफमधल्या शिल्लक भ्रूणांच्या नियमांनी पुष्कळसा बांधलेला आहे. त्यावर परिसंवाद झडतात, आणि पत्रक मात्र टेबलावर तसेच राहते.

या सगळ्यात खरा बळी जातो तो सिद्ध झालेल्या उपचाराचा. रक्ताच्या आजारांत मूळपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचेच, रोपण काम करते, यात शंका उरलेली नाही: थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया, काही ल्युकेमिया आणि आपल्या विदर्भात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल. रोपणासाठी लागणारा एचएलए हा ऊतींचा प्रकार सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७चे उद्दिष्ट ठरले, शिबिरांचे फोटोही निघाले. पण वारंवार क्रायसिसमध्ये जाणाऱ्या पोराच्या भावंडांची एचएलए तपासणी करून घ्या, एवढे एक वाक्य किती जणांच्या केसपेपरवर असते? त्याऐवजी त्याच घरातल्या गरोदर सुनेला नाळरक्त बँकेचा हप्ता गळ्यात मारला जातो. बाळाला सिकलसेल असेल तर त्याच्या स्वतःच्या नाळेतही तेच जनुक असणार. ते रक्त त्याच्या उपयोगाचे कसे? आजारी भावंडासाठी ते जपणे वेगळे, तिथे वैद्यकीय कारण आहे. बाकी 'भविष्याचा विमा' म्हणून केलेल्या खाजगी साठवणीला शास्त्रीय आधार नाही, हे आयसीएमआरने सांगून झाले आहे. हे ठाऊक असूनही आपल्यातल्याच काही प्रसूतिगृहांच्या काउंटरवर ती पत्रके आहेत.

सरकारकडून काय अपेक्षा करायची? कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने दिला. त्याचा कायदा झाला नाही. पण कमिशन घेण्याला २००२च्या आचारसंहितेतही मनाई आहे आणि ती आजही लागू आहे. तेव्हा फॉर्म येण्याची वाट पाहू नका. आलेले पत्रक फाडून टाकू नका. त्यावर तारीख टाका, माणसाचे कार्ड जोडा, काय देऊ केले ते दोन ओळींत लिहा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेला पाठवा. एक प्रत अन्न व औषध प्रशासनाला, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना, सगळ्या स्पीड पोस्टाने. रुग्णाची तक्रार नाही म्हणतात ना, मग डॉक्टरची घ्या म्हणावे. आणि ज्यांच्या टेबलाच्या खणात अशा केंद्राचे पाकीट पडून आहे, त्यांनी ते याच आठवड्यात परत करावे. त्यांचे नाव छापायची वेळ आमच्यावर आणू नये.