कोडिंग राहू द्या, आधी इतिहास शिकवा

शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या शाळेला मदत करायची म्हटलं की शहरातल्या कंपन्यांना हल्ली ठरलेल्या गोष्टी सुचतात: कॉम्प्युटर लॅब, टॅब आणि कोडिंगचा वर्ग. माझं पोट कोडिंगवरच चालतं, त्यामुळे त्याची टिंगल करायची नाही. पण या दोन तालुक्यांतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना सगळ्यात उपयोगी विषय कोणता, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, इतिहास आणि नागरिकशास्त्र. आणि नेमका तोच विषय आपण सगळ्यात वाईट शिकवतो.

दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० मार्कांचा. चुकीची जोडी ओळखा, टिपा लिहा, सकारण स्पष्ट करा. कारणंसुद्धा गाइडमधून पाठ केलेली! गणित-विज्ञानाचा पोर्शन मागे पडला की पहिला जातो तो इतिहासाचा तास. ‘वाचून मार्क मिळतात, त्यात शिकवायचं काय?’ असं पालकही म्हणतात.

आता ‘छोडो भारत’चा धडा घ्या. ऑगस्ट १९४२, मुंबईचं गवालिया टँक मैदान, ‘करेंगे या मरेंगे’. वर्गातल्या मुलांना हे पाठ असतं. त्याच लढ्यातला एक गट मुरबाड तालुक्यात सिद्धगडच्या जंगलात लपला होता. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणं हे त्यांचं काम. २ जानेवारी १९४३ ला पोलिसांनी तिथे घेरून केलेल्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. दर वर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात, भाषणं होतात, फुलं वाहिली जातात. पण खरा धडा ‘मनोरेच का?’ या प्रश्नापासून सुरू होतो. ती वीज कुठे तयार होत होती? गिरण्या आणि रेल्वे बंद पडल्याने इंग्रजांचं काय अडणार होतं? ज्या गावांवरून त्या तारा जात होत्या, त्यांच्या घरात दिवा कधी लागला? हे प्रश्न कुठल्याही गाइडमध्ये नाहीत. शेवटच्याचं उत्तर तर फक्त गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे.

विजेसारखंच पाण्याचं. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ सालचं. पुढे याच तालुक्यात भातसा झालं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. त्याआधी इथून कसाऱ्याकडे रेल्वे गेली, थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला पोचली. आता समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा शहापुरातूनच जातो, तो जून २०२५ मध्ये सुरू झाला. रेल्वे, पाणी, वीज, रस्ता. दीडशेहून जास्त वर्षांचा आधुनिक भारताचा इतिहास या मुलांच्या दारावरून गेलाय. निर्णय कुणी घेतला, जमीन कुणाची गेली, मोबदला कुणाला मिळाला, विरोध कुणी केला, एवढे चार प्रश्न घेऊन एक वर्ष सहज शिकवता येईल.

यात मुंबईबद्दल राग शिकवायचा नाहीये. तिथल्या नळाचं पाणी पिणाऱ्यांत माझ्यासारखेही पुष्कळ आहेत. मुद्दा व्यवहाराचा आहे.

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधली ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. म्हणजे तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि जमीन संपादनाआधी ग्रामसभा किंवा पंचायतीशी विचारविनिमय करणं बंधनकारक आहे. ग्रामसभेची व्याख्या मुलांना पाठ असते. आपलं गाव या यादीत आहे का, हे विचारून बघा.

२००६ चा वनहक्क कायदा तर सरळ इतिहासाचाच पेपर आहे. जंगलजमिनीवर आदिवासी कुटुंबाचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा आहे, हे दाव्यात दाखवावं लागतं. पुरावा म्हणून जुने सरकारी कागद चालतात, जागेवरच्या विहिरी, बांध, घरांच्या खुणा चालतात, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. आठवीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा कुठला? ‘इतिहासाची साधने’. लिखित, भौतिक, मौखिक. ज्या पोरीने हा धडा आजीला शेजारी बसवून, तिचं बोलणं टिपून आणि सातबारा-फेरफाराशी ताडून पाहत केलाय, ती उद्या घरचा दावा स्वतः तयार करू शकेल. ज्याने नुसती व्याख्या पाठ केली, तो एजंट शोधेल.

‘इतिहास काय, फोनवर भरपूर आहे,’ असंही ऐकू येतं. आहे ना! माहुली, गोरखगडाचे ड्रोनवाले रील मीही बघतो. आपला इतिहास केवढा मोठा, हे रील सांगतं. ते कशावरून खरं मानायचं, हे सांगत नाही. ती सवय वर्गातच लागते.

शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, यातून उरलेल्या वेळात त्यांना पोर्शन संपवायचा असतो. बदल वरून व्हायला हवा. अंतर्गत मूल्यमापनात गावाच्या इतिहासाचा एक खरा प्रकल्प सक्तीचा करा, इंटरनेटवरून छापून चिकटवलेला नको. बोर्डाच्या पेपरात एक तरी प्रश्न असा द्या, जिथे अनोळखी कागद समोर ठेवून ‘यावरून काय कळतं?’ असं विचारलं जाईल. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातल्या शहापूर-मुरबाडच्या दहा पानांचं सोप्या मराठीत भाषांतर करून शाळांना द्या, हे तर लगेच होण्यासारखं आहे.

आणि तुमच्या कंपनीत पुढच्या वेळी शाळेला देणगी द्यायची चर्चा निघाली, तर वीस टॅबऐवजी दोन एसटी बसचं भाडं मागा. एक बस मुलांना सिद्धगडच्या पायथ्याशी नेईल, दुसरी तानसाच्या भिंतीवरून तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमपर्यंत.