इन्सुलिनचे षट्क आणि जेवणाची वेळ

ज्या घरात इन्सुलिन टोचावे लागते, त्या घरात दोन प्रश्न हमखास निघतात. एक इन्सुलिन टोचल्यावर अर्धा तास थांबायचे आणि दुसरे टोचल्यावर लगेच पानावर बसायचे, असे का? आणि तिसरे एखादे रात्री घेतलेले इन्सुलिन दुसऱ्या रात्रीपर्यंत कसे पुरते? औषधाचे नाव तर एकच. याचे उत्तर रेणूंच्या परस्परसंबंधांत दडलेले आहे. म्हणून आज थोडे त्या वाटेने जाऊ.

इन्सुलिनचा एक रेणू म्हणजे ५१ अमिनो आम्लांची, दोन साखळ्यांत गुंफलेली रचना. साध्या इन्सुलिनच्या कुपीत मात्र हे रेणू बहुतांशी सुटे राहत नाहीत. दोन-दोन रेणूंची जोडी जमते आणि अशा तीन जोड्या जस्ताच्या आधाराने एकत्र येऊन सहांचे षट्क बनते. त्यांना कोणी जुळवून देत नाही. परिस्थिती अनुकूल असली की ते आपोआप जुळतात. आपल्या स्वादुपिंडातही इन्सुलिनचा साठा याच रूपात असतो. डोरोथी हॉजकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडून दाखवली.

या जुळणीतील प्रत्येक बंध तसा दुबळाच. गोधडीचा एखादा टाका ओढला तर सहज उसवतो. पण ओळीने घातलेले टाके मिळून दोन थर घट्ट धरून ठेवतात. एक टाका सैल झाला तरी शेजारचे टाके थर सरकू देत नाहीत. रेणूंचेही असेच असते. एक बंध सुटला तरी उरलेले बंध रेणूला जवळच धरतात आणि सुटलेला बंध पुन्हा जुळतो. शिवाय हे बंध कायमचे नसल्याने परिस्थिती पालटली की सारी जुळणी मोडताही येते. अशा संबंधांचा अभ्यास करणाऱ्या रसायनशास्त्राच्या शाखेला लेन, क्रॅम आणि पेडरसन यांच्या कार्यामुळे १९८७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. षट्क आकाराने मोठे असल्याने केशवाहिनीच्या भिंतीतून सहजासहजी आत शिरत नाही. त्वचेखाली ते विरळ होते, जस्त सुटते, षट्काच्या जोड्या होतात, जोड्यांचे सुटे रेणू होतात आणि मग ते रक्तात उतरतात. साध्या इन्सुलिननंतरचा अर्धा तास या मोडणीसाठी असतो. १९९६ साली वापरात आलेल्या लिस्प्रो या इन्सुलिनमध्ये साखळीच्या टोकाजवळील केवळ दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली आहे. तेवढ्याने जोडीचे बंध ढिले पडतात आणि औषध लवकर लागू पडते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रकारांत नेमके उलट साधले आहे. ग्लार्जिन कुपीतील आम्लधर्मी द्रावणात विरघळलेले असते. त्वचेखाली गेल्यावर त्याचा बारीक साका बसतो आणि तो सावकाश विरघळत राहतो. म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनसोबत एकाच सिरिंजमध्ये कधीही भरू नये. डेग्लुडेकची षट्के तर त्वचेखाली एकमेकांना जोडली जाऊन लांब साखळ्या होतात आणि त्यांतून रेणू हळूहळू सुटत राहतात. मला यातील ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

याच गुणाची दुसरी बाजू सांभाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. फार उष्णता किंवा जोराची हलवाहलव झाली तर रेणू भलत्याच रीतीने जुळून तंतू बनतात आणि औषध निकामी होते. गोठलेले इन्सुलिन वितळवूनही वापरू नये. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी. मुळात स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ दिसले तर टाकून द्यावे. दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळुवार फिरवून एकसारखे करावे. खळखळून हलवू नये. टोचलेल्या जागी शेक दिल्यास किंवा चोळल्यास औषध अपेक्षेपेक्षा लवकर रक्तात उतरते. वरचेवर एकाच जागी टोचून गाठी आल्या असतील, तर तेथून ते अनियमितपणे शोषले जाते.

वृद्धांच्या बाबतीत खरी अडचण भुकेची. इन्सुलिन टोचले आणि आजोबांनी दोन घासांनंतर ताट सारले, तर सुटे झालेले रेणू परत बोलावता येत नाहीत. ज्यांच्या जेवणाचा भरवसा नाही, त्यांच्यासाठी शीघ्र इन्सुलिन जेवण संपताच देता येईल का, मात्रा किती असावी, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. आपल्या मनाने वेळ बदलू नये. घाम, थरथर, अकारण चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर ‘वयामुळे होते’ असे म्हणून सोडून देऊ नये. साखर तपासावी, ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. तपासण्याचे यंत्र हाताशी नसेल, तर तपासणीसाठी थांबू नये, साखर द्यावी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.