विश्लेषण : जनुक बदललेले उंदीर मेंदूच्या दुखापतीबद्दल काय सांगतात?

डोक्याला सारखाच मार लागलेल्या दोन रुग्णांपैकी एक काही महिन्यांत कामावर परततो, तर दुसरा अंथरुणाला खिळून राहतो. हा फरक जनुकांमुळे पडतो का, हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञ जनुकीय बदल केलेले उंदीर वापरतात. त्यांच्यावरील प्रयोगांतून काय कळले आणि काय नाही?

संशय कोणत्या जनुकावर?

मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करणारे प्रथिन ‘एपीओई’ या जनुकामुळे तयार होते. त्याच्या ‘ई४’ या प्रकारामुळे अल्झायमरचा धोका वाढतो. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘ई४’ असलेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतर एकतर दगावले होते किंवा त्यांची प्रकृती गंभीर होती. ‘ई४’ नसलेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते.

मग उंदीर कशाला?

रुग्णांचे वय, माराची तीव्रता, उपचार मिळेपर्यंत गेलेला वेळ, असे सगळेच वेगळे असते. प्रयोगशाळेत मात्र उंदराचे मूळ जनुक काढून तिथे मानवी ‘ई३’ किंवा ‘ई४’ बसवता येते. त्यानंतर भूल देऊन यंत्राने ठरावीक वेगाचा आघात केला जातो. बाकी सगळे सारखे, फरक फक्त एका जनुकाचा. अशा काही प्रयोगांत ‘ई४’ असलेल्या उंदरांची अवस्था अधिक वाईट झाल्याचे दिसले.

अडचण कुठे आली?

ग्लासगोमध्येच सुमारे हजार रुग्णांचा मोठा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व वयोगट एकत्र धरता ‘ई४’चा परिणाम आढळला नाही. मुले आणि तरुणांमध्ये मात्र तो असल्याचे संकेत मिळाले. उंदरांच्या मेंदूच्या रचनेचीही मर्यादा आहे. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, माणसाच्या मेंदूला घड्या असतात. त्यामुळे आघाताचा ताण दोघांत वेगळ्या पद्धतीने पसरतो. डुकराच्या मेंदूला घड्या असल्याने काही संशोधक त्याच्याकडे वळले आहेत.

औषधांचे काय?

प्राण्यांमध्ये आशादायक ठरलेले प्रोजेस्टेरॉन ८८२ आणि १,१९५ रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांत निष्प्रभ ठरले. दोन्हींचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

एखादे जनुक मेंदूत नेमके काय बिघडवते, हे उंदरांमुळे समजू शकते. पण केवळ ‘एपीओई’ चाचणीवरून रुग्ण बरा होईल की नाही, हे सांगता येत नाही. उंदरांमध्ये यशस्वी झालेल्या औषधाच्या बातमीलाही माणसांवरील चाचणी होईपर्यंत आशेपलीकडे महत्त्व देता येत नाही.